मुख्यमंत्र्यांचे कान

पिक्टू, ८ जानेवारी १८८३

प्रिय मार्सेली,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा आधीच देऊन टाकते. पुढचं वाचल्यावर त्या तुला गोड लागायच्या नाहीत.

डिसेंबरात तुझा नवरा ओटावाहून परतताना आमच्या पिक्टूवरून गेला. त्या वर्षाची शेवटची आगबोट होती ती. मला आदल्या दिवशी कळलं आणि मी दोन तास आधीच धक्क्यावर जाऊन उभी राहिले. हातात त्याच्यासाठी विणलेले मोजे होते आणि घरच्या चीजचा गोळा. दोन बड्या गृहस्थांबरोबर गाडीतून उतरला. मी दहा पावलांवरून हाक मारली, "लॉकी!" गडी सरळ चालत राहिला. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर इतक्या जोरात ओरडले की बोटीवरच्या खलाशाने वळून पाहिलं. माझ्या भावाने मान म्हणून हलवली नाही. शिडी चढला आणि गेला.

मोजे मी त्या खलाशाला दिले. चीज घरी आणून एकटीने खाल्लं.

ज्याला मी नाक पुसायला शिकवलं, अक्षरं गिरवायला शिकवली, तो आता तुमच्या बेटाच्या प्रांताचा मुख्यमंत्री आहे हे मला ठाऊक आहे. पण एका सुताराची विधवा असलेली बहीण चारचौघांत ओळखायची लाज वाटत असेल तर त्याने तसं कळवावं. मी पुन्हा धक्क्यावर जाणार नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. गुडघे कसे आहेत तुझे?

कर्स्टी


शार्लटटाउन, १९ जानेवारी १८८३

प्रिय ताई,

तुमचं पत्र गोठलेला समुद्र ओलांडणाऱ्या बर्फहोडीने आलं, एक कडा भिजलेली होती, पण राग नीट वाचता आला.

ताई, तसं काही नाही हो. त्या दिवशी वारा होता, गर्दी होती आणि ओटावात त्याचं कोणी धड ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्याला विचारलं तेव्हा चेहरा पडला बिचाऱ्याचा. तो तुम्हाला स्वतः लिहील. सध्या विधानसभेची तयारी चालली आहे. जेवतानाही कागद समोर असतात. पाहुणे आले की टेबलाच्या टोकाला भिंतीला पाठ लावून बसतो आणि लवकर उठतो. न्हाव्याकडे जात नाही, दाढी मीच करते. चर्चला येतो, पण पापांची कबुली द्यायला गेल्या सप्टेंबरपासून गेलेला नाही. फादर बर्कनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, कामं फार आहेत.

यंदा तो बर्फहोड्यांचा कायदा आणणार आहे. होडी केव्हा सोडायची ते होडीच्या कप्तानाने ठरवायचं, टपालाच्या ठेकेदाराने नाही की उतारूंनी नाही. प्रत्येक होडीत होकायंत्र, तीन दिवसांचं खाणं आणि जळण असलंच पाहिजे. सतरा वर्षं विधानसभेत काढली ती या एका कायद्यासाठी, असं म्हणतो. तेव्हा त्याला थोडं समजून घ्या.

गुडघे थंडीत कुरकुर करतात. बाकी ठीक.

मार्सेली


पिक्टू, २ फेब्रुवारी १८८३

प्रिय मार्सेली,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. मी चाळीस वर्षं शाळेत पोरं हाकली आहेत. कोण काय लपवतंय ते मला वासावरून कळतं.

माणूस सख्ख्या बहिणीकडे बघत नाही. पाहुण्यांतून उठून जातो. न्हाव्याला तोंड दाखवत नाही. आणि पाच महिने कबुलीला जात नाही! अगं, कामं फार आहेत म्हणून कोणी पापं साठवून ठेवतं का? मला सरळ सांग. दारू आहे की बाई?

दारू असेल तर मी बर्फ वितळल्यावर पहिल्या बोटीने येते आणि बाटल्या मोजते. बाई असेल तर वितळायचीही वाट बघत नाही. साठ वर्षांची झाले तरी बर्फहोडीत बसून येईन आणि वाटेत होडी ओढूही लागेन.

तू मात्र त्याला पाठीशी घालू नकोस.

कर्स्टी


शार्लटटाउन, ११ फेब्रुवारी १८८३

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून रडले. आता खरं सांगते. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाला.

लॉकलनला ऐकू येत नाही.

थोडं कमी येतं असं नव्हे. गेल्या उन्हाळ्यापासून जवळजवळ गेलंच आहे. समोरच्या माणसाचे ओठ बघून तो अंदाज बांधतो. आपल्या घरच्या गेलिक भाषेत बोललेलं बरंचसं कळतं, इंग्रजीतलं अर्धं निसटतं. म्हणून भिंतीला पाठ लावून बसतो, कोणी मागून बोलायला नको. न्हावी मागे उभा राहून बोलतो म्हणून न्हावी नको. आणि कबुलीच्या जाळीआडून फादर बर्क कुजबुजतात, तिथे ओठ कुठले दिसणार? धक्क्यावर तुम्ही मागे होतात, ताई. त्याने ऐकलंच नाही.

मला कसं कळलं ते सांगते. ऑगस्टमध्ये तो खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. मी मागे उभी राहून म्हटलं, "लॉकलन, गाय मेली." पान उलटलं त्याने. मग म्हटलं, "लॉकलन, तुझ्या कोटाला आग लागली आहे." तर शांतपणे म्हणाला, "हो, चहा चालेल." मी चहा केला. दुसरं काय करणार?

आम्ही दोघं याबद्दल एक शब्द बोललेलो नाही. त्याला वाटतं मला माहीत नाही. मी वळते, त्याच्या समोर येते, मग बोलते, जणू मला तशीच सवय आहे. तो विनोद न ऐकता दुसऱ्यांच्या मागोमाग हसतो. एकाच घरात आम्ही दोघं नाटकात असल्यासारखे वावरतो आणि दिवस संपला की मी दमून जाते.

कोणाला सांगू? सभागृहात तीस सभासद. आमचे सतरा. त्यांतला ड्यूगल्ड मॅकफेल टपालाचा ठेकेदार, केप ट्रॅव्हर्सच्या धक्क्यावरच्या सगळ्या बर्फहोड्या त्याच्या. हा कायदा त्याला नको आहे. मुख्यमंत्र्याला ऐकू येत नाही हे त्याला कळलं तर तो एका दिवसात त्याला खुर्चीवरून उठवील आणि कायदा रद्दीत जाईल. तोवर झाकून ठेवायचं, एवढंच मला सुचतं.

मार्सेली


पिक्टू, २० फेब्रुवारी १८८३

प्रिय मार्सेली,

पत्र चुलीत घातलं. जळेपर्यंत तिथेच बसले होते.

धक्क्यावरून घरी येताना मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते देवाला ठाऊक. आणि तो माझ्यापासून दहा पावलांवर अशा शांततेत चालत होता!

मार्सेली, याला कारण मी आहे. तुझं लग्न नंतरचं, तुला त्याने सगळं सांगितलं आहे की नाही, मला माहीत नाही. १८५१ चा फेब्रुवारी. लॉकी सव्वीस वर्षांचा, केप ट्रॅव्हर्सला होडी ओढायच्या कामावर. तेव्हाच्या ठेकेदाराने भर वादळात होडी सोडायला लावली, टपाल उशिरा झालं आहे म्हणून. कप्तान नको म्हणत होता. पाच गडी, गळ्यात पट्टे, बर्फ असेल तिथे ओढायची, पाणी लागलं की वल्हवायची. वाटेत बर्फच फुटून वाहायला लागला. दोन दिवस ते समुद्रावर होते. जळण नाही, खायला नाही. ॲलस्टर गिलिस आणि पीटर डॉयरन परत आले नाहीत. लॉकी आला, चालत. कान पांढरे झाले होते, लाकडासारखे. मी तेव्हा सगळे करत तेच केलं, मूठभर बर्फ घेऊन कान चोळले. जोरजोराने चोळले. तो ओरडत होता आणि मी म्हणत होते, "गप रे, रक्त धावू दे." महिनाभर कानांतून पू येत होता. तेव्हाच काहीतरी बिघडलं असणार.

बरा झाल्यावर लोहाराच्या भट्टीवर लागला, होडीवर परत गेला नाही. त्या भट्टीवर बसून त्याने पहिला अर्ज लिहिला, होडीवाल्यांसाठी. शुद्धलेखन मी तपासलं होतं. मग दुसरा लिहिला, मग तिसरा, आणि मग लोक म्हणाले, अर्ज पाठवून काही होत नाही, आता तूच जा. असा तो विधानसभेत गेला. लोकांना वाटतं त्याला सत्तेची हौस. त्याला त्या दोघांची आठवण जगू देत नव्हती, एवढंच.

माझं ऐक. त्याच्याशी बोल. समोर बस, चेहरा उजेडात ठेव आणि सरळ सांग. जो माणूस बहिरा आहे त्याच्याशी गप्प राहणं हा दुप्पट अन्याय आहे.

कर्स्टी


शार्लटटाउन, ६ मार्च १८८३

प्रिय ताई,

वारा इतका होता की तुमचं पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. आणि त्याच दुपारी त्याच्याशी बोलले.

त्याला खिडकीशी बसवलं. म्हटलं, "लॉकलन, तुला ऐकू येत नाही."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"ऑगस्टपासून. तुझ्या कोटाला आग लागली तेव्हापासून."

"माझ्या कोटाला आग लागली होती?"

मग सगळं सांगितलं. चहाचं ऐकून तो हसायला लागला. किती महिन्यांनी तो खरंच हसला, दुसऱ्या कोणाचं बघून नव्हे. मग हसता हसता थांबला आणि माझे हात धरून म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलं तर तू मला म्हातारा समजशील." मी म्हटलं, "म्हातारा तर मी तुला केव्हापासून समजते." आम्ही दोघांनी मिळून बॅनॉकची अख्खी भाकरी संपवली, लोणी लावून.

पण कायदा येईपर्यंत बाहेर कळू द्यायचं नाही असं त्याचंही म्हणणं. म्हणून आम्ही एक युक्ती केली आहे, तुम्हाला आवडणार नाही. सभागृहात त्याच्या खुर्चीच्या बरोबर समोर वर बायकांची गॅलरी आहे. मी तिथे पहिल्या रांगेत बसते. त्याला प्रश्न विचारला की मी कठड्यावर हातमोजा ठेवते, म्हणजे ऊठ. हनुवटीला हात, म्हणजे हो म्हण. गालाला हात, म्हणजे नाही म्हण. पुस्तक उघडलं, म्हणजे "उद्या लेखी उत्तर देतो" म्हण. तीन दिवस झाले, व्यवस्थित चाललं आहे. बाकीच्या बायका म्हणतात, मुख्यमंत्र्यांच्या बायकोला राजकारणाची फार गोडी लागली आहे.

मान मात्र भयंकर दुखते.

मार्सेली


शार्लटटाउन, १६ मार्च १८८३

प्रिय ताई,

घात झाला.

मंगळवारी विरोधी पक्षाचे नेते मिस्टर थॉर्नबी बोलत होते. खाली कोणीतरी पाइप पेटवला होता, धूर थेट वर आला. डोळ्यांना पाणी आलं म्हणून मी हातमोजा काढून कठड्यावर ठेवला आणि तोंड पुसलं. हात हनुवटीला लागला. नेमका तेव्हाच थॉर्नबींनी विचारलं होतं, "इतका गोंधळ झाल्यावर मुख्यमंत्री पायउतार होणार आहेत का?"

लॉकलनला वाटलं, कायद्याचा मसुदा मांडणार आहात का असं विचारलं. उठला आणि म्हणाला, "होय. सभागृहाची इच्छा असेल तर आजच, आणि अतिशय आनंदाने."

छप्पर उडेल असा हशा झाला. सगळ्यांना वाटलं, काय हजरजबाबी माणूस आहे! सगळे हसताहेत हे बघून लॉकलनही हसला. एकटा मॅकफेल हसला नाही. त्याने लॉकलनकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून हनुवटीवरच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने लॉकलनच्या पाठीमागे एक जाडजूड पुस्तक जमिनीवर टाकलं. सगळे दचकले. लॉकलन लिहीत राहिला.

आज मॅकफेल घरी आला. टोपीही न काढता म्हणाला, "बाई, तुमचा खेळ चांगला आहे. पण सोमवारपर्यंत मसुदा मागे घेतला नाही तर मी सभागृहात सगळ्यांना सांगेन की हा प्रांत एक बहिरा माणूस आणि त्याच्या बायकोचा हातमोजा चालवतो." लॉकलन शेजारीच बसला होता. ओठांवरून त्याला किती कळलं कोण जाणे, पण माझा चेहरा बघून सगळं कळलं असावं.

तो गेला नाही तोच दारावर पुन्हा थाप. बघते तर थॉर्नबी! मला वाटलं, आता सगळेच आले. चहा विचारायचंही सुचलं नाही.

थॉर्नबी म्हणाले, "मिसेस मॅकईकर्न, मंगळवारच्या प्रश्नाबद्दल माफी मागायला आलो. तो प्रश्न मी त्यांच्याकडे तोंड करून विचारायला हवा होता. एरवी मी तसाच विचारतो."

"म्हणजे?"

"वर्षभर मला माहीत आहे. माझी आई वीस वर्षं बहिरी होती. माणूस ओठ बघतो तेव्हा कसा बघतो ते मला ओळखू येतं. तुमच्या लक्षात नाही आलं? मी अध्यक्षांकडे पाठ करून बोलतो म्हणून माझीच माणसं मला नावं ठेवतात."

मी त्यांना खुर्ची पुढे केली. म्हटलं, "मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"मला त्यांना निवडणुकीत हरवायचं आहे, बाई. कानांवरून हरवलं तर माझ्या मतदारसंघातले निम्मे म्हातारे मला मत देणार नाहीत." मग दाराकडे वळताना म्हणाले, "आणि तो कायदा चांगला आहे. तसं मी बाहेर म्हणणार नाही, पण चांगला आहे."

ते गेल्यावर मी लॉकलनला म्हटलं, "मागे घे मसुदा. सोमवारी लोक तुला हसतील. मला नाही बघवणार." त्याने कुऱ्हाड घेतली. अंगणात जाऊन लाकडं फोडत बसला. आता हे लिहिते आहे तरी कुऱ्हाडीचा आवाज येतोच आहे. त्याच्या मनात काय आहे, ताई, मला खरंच माहीत नाही.

मार्सेली


पिक्टू, ३१ मार्च १८८३

मार्सेली,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. पुढचं का नाही? इथल्या वर्तमानपत्रात तुमच्या बेटाविषयी एक ओळ नाही, नुसते बटाट्यांचे भाव. पोस्टमास्तर मला बघितलं की आता दुरूनच मान हलवतो. दोन ओळी लिही. वाईट असलं तरी लिही.

कर्स्टी


शार्लटटाउन, ४ एप्रिल १८८३

प्रिय कर्स्टी,

मार्सेली म्हणते, तू काळजीने अर्धी झाली असशील, आणि हे पत्र मीच लिहायला हवं. धक्क्यावरचं माफ कर. मी बोटीवर चढून किनाऱ्याकडे बघत राहिलो होतो, तू दिसशील म्हणून. तू तोवर पाठ फिरवली असणार.

सोमवारचं सांगतो. मसुदा मागे घ्यायचं माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू? लाकडं फोडत होतो आणि मनाशी म्हणत होतो, एक वर्ष थांबू, पुढच्या वर्षी बघू. मग वाटलं, पुढच्या वर्षी मी याहून बहिरा असेन आणि समुद्र असाच असेल.

सकाळी मार्सेलीला म्हटलं, आज हातमोजे घरी ठेव. सभागृहात मॅकफेल उठायच्या आत मी उठलो. म्हणालो, "अध्यक्षमहाराज, मला एक कबुली द्यायची आहे. मला ऐकू येत नाही. मागल्या वर्षभरात या सभागृहातल्या सन्माननीय सभासदांनी मला जे जे टोमणे मारले ते सगळे वाया गेले आहेत. कोणाला ते पुन्हा मारायचे असतील तर कृपया लिहून द्यावेत, म्हणजे मला उत्तर देता येईल."

कोणी हसलं का, ते मला काय कळणार? पण चेहरे दिसत होते. कोणी हसत नव्हतं. मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा सभासद हसला, आणि त्याच्या मागून सगळे. मी या वेळी त्यांच्याबरोबर हसलो नाही. त्यांचं होईपर्यंत थांबलो.

मॅकफेल उठून बोलायला लागला. हात फार हलवत होता. मी कागद आणि दौत त्याच्या बाकावर नेऊन ठेवली. त्याने कागदाकडे पाहिलं, टाक उचलला, खाली ठेवला आणि बसला. लिहून मागितल्यावर किती माणसं गप्प होतात ते तू बघायला हवं होतंस, कर्स्टी. मला हे दहा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

मग मी त्यांना १८५१ सांगितलं. सतरा वर्षांत तिथे ते मी कधीच बोललो नव्हतो, सहानुभूती मागितल्यासारखं वाटेल म्हणून. ॲलस्टर कसा गेला ते सांगितलं. पीटर डॉयरन शेवटपर्यंत आम्हाला झोपू देत नव्हता, फ्रेंचमध्ये शिव्या घालून जागं ठेवत होता, आणि शेवटी तोच झोपला, ते सांगितलं. कप्तान नको म्हणाला होता, हे तीनदा सांगितलं.

मॅकफेलने आमच्यातले चार फोडले होते. स्वतः धरून पाच. म्हणजे आमचे उरले बारा. मतं घेताना प्रत्येकाने उभं राहायचं असतं, तेवढं मला दिसतं. आमचे बारा उभे राहिले. मग समोरच्या बाकावर थॉर्नबी उभा राहिला. त्याने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं, जसा तू वर्गाकडे बघायचीस तसं, आणि आणखी सहा उठले. एकोणीस विरुद्ध अकरा.

मी वर गॅलरीत पाहिलं. मार्सेली दोन्ही हातांत तोंड धरून रडत होती. आमच्या खुणांप्रमाणे त्याचा अर्थ हो आणि नाही दोन्ही होतो.

आता तुझं ते बर्फ चोळण्याचं. मार्सेलीने मला ते पत्र दाखवलं. वेडी आहेस का? डॉक्टर स्ट्रॉनने परवा दोन्ही कान तपासले. तो म्हणतो, कान फक्त वरवर गोठले होते, आत त्याचा काही संबंध नाही. त्याने विचारलं, "घराण्यात कोणाला होतं का?" मी म्हटलं, नाही. मग घरी येताना वाटेत एकदम थांबलो. बाबा, कर्स्टी. आठव. साठीनंतर ते आपल्याशी बोलायचे नाहीत. आपण काही विचारलं की उठून गोठ्यात जायचे. आई म्हणायची, त्यांचा स्वभावच तुसडा झाला आहे. तू त्यांच्यासाठी बक्षिसाची कविता पाठ करून म्हणून दाखवली होतीस आणि ते मधेच उठून गेले, तू किती रडलीस.

त्यांना तुझी कविता ऐकूच आली नव्हती गं. आणि ते सांगायची त्यांना लाज वाटली.

मी त्या रस्त्यात बराच वेळ उभा होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, प्रांताचा मुख्यमंत्री, बटाट्यांच्या गाड्यांच्या मधोमध. पण मनावरचं काहीतरी उतरलं. तुझंही उतरू दे.

तुझा,
लॉकी


पिक्टू, १२ एप्रिल १८८३

प्रिय लॉकी,

आज मी काही लिहू शकत नाही. पन्नास वर्षं मी त्या माणसावर रागावून होते. आज सकाळी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावली आणि ती कविता मोठ्याने म्हटली. सगळी आठवते.

कर्स्टी


केप ट्रॅव्हर्स, १५ ऑक्टोबर १८८३

प्रिय ताई,

पत्ता बघून चकित झाला असाल. लॉकलनने सप्टेंबरात राजीनामा दिला, या वेळी हनुवटीला हात न लावता. पक्षाची माणसं थांब म्हणत होती, लेखी प्रश्नांची सवय झाली होती त्यांना. तो म्हणाला, जे करायला आलो होतो ते झालं. जुन्या भट्टीशेजारचं घर आम्ही परत राहतं केलं आहे. पहिल्या दिवशी सकाळी नऊपर्यंत झोपला. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघून आले.

मलाही आता मोकळं वाटतं. अंगणातून त्याच्यावर ओरडते, तीन शेतं पलीकडे ऐकू जातं, त्याला जात नाही. कोणाला काही लपवायचं नाही. मान दुखायची थांबली.

आणि तो कबुलीला गेला! इथले फादर तरुण आहेत. जाळीआडून काही उपयोग नाही म्हटल्यावर त्यांनी प्रायश्चित्त इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेर बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी तेवढ्या प्रार्थना त्याच्या आधीच म्हणून टाकल्या.

मार्सेली


केप ट्रॅव्हर्स, २३ जानेवारी १८८४

प्रिय ताई,

हे पत्र आमच्या स्वयंपाकघरातून लिहिते आहे आणि इथे पाय ठेवायला जागा नाही.

रविवारपासून वादळ आहे. कप्तानाने होडी सोडायला साफ नकार दिला. कप्तान धरून होडीचे गडी सहा आणि उतारू पाच. धक्क्यावरच्या खोपटात थंडी सोसेना म्हणून सगळे आमच्याकडे आले आहेत. उतारूंत एक न्यायाधीश आहेत, हॅलिफॅक्सला कामावर हजर व्हायचं म्हणून भडकलेले. आल्या आल्या लॉकलनपुढे उभे राहून बोट नाचवत पंधरा मिनिटं बोलले. हा कायदा कोणत्या गाढवाने केला, कप्तानाला काय अक्कल, टपाल अडलं, न्याय अडला. लॉकलन लक्ष देऊन त्यांच्याकडे बघत होता. संपल्यावर म्हणाला, "बसा, महाराज. बटाटे आणि खारवलेले मासे आहेत. गाढव मीच."

न्यायाधीश बसले. दोन वाढण्या घेतल्या. काल दुपारपासून ते लॉकलनबरोबर पत्ते खेळताहेत आणि हरताहेत. आज सकाळी मला म्हणाले, "बाई, खिडकीतून तो समुद्र पाहिला मी. काल या पोरांनी माझं ऐकलं असतं तर?" त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

आत्ताच कप्तान दार उघडून आत आला. वारा पडला आहे, बर्फ धरला आहे, निघूया म्हणतो. सगळे उठून पट्टे चढवताहेत. लॉकलन एकेकाच्या गळपट्ट्याची गाठ तपासतो आहे, न्यायाधीशांच्याही. मी मोजली, अकरा माणसं.

पत्र त्यांच्याबरोबरच देते. तुमच्या हातात पडलं की समजा, अकराही जण पलीकडे पोचले.

मार्सेली